चंद्रीचा पान्हा

एका तळ्याकाठच्या गावात एक गवळी होता, तुळाजी त्याचं नाव. पहाटे तिथं धुकं असं दाटायचं की म्हशी दिसायच्याच नाहीत, नुसत्या त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायच्या. तुळाजीची जीभ मोठी गोड. रुसलेली सून असो की अडून बसलेला बैल, त्यानं दोन शब्द बोलावेत आणि काम फत्ते! रेडकाचा आवाज तर असा काढायचा की गावच्या म्हशी कान टवकारायच्या.

त्याची एकच म्हैस होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चंद्री. एके दिवशी तिचं रेडकू तळ्याच्या गाळात रुतलं आणि गेलं बिचारं. तुळाजीनं त्याला तिथंच करंजाखाली पुरलं. चंद्री काही काठावरून हलेना. मग या पठ्ठ्यानं काय करावं? पुढं चालत रेडकाचा आवाज काढला! चंद्री भाबडी, त्या आवाजामागं धावत गोठ्यात आली. बघते तर गोठा रिकामा.

त्या दिवसापासून तिनं पान्हा चोरला. तुळाजीनं सरकीचं आंबोण पुढं ठेवलं. तिनं खाल्लं, पण दुधाचा थेंब दिला नाही. त्यानं गूळ चारला, गोंजारलं, रागाच्या भरात काठीही उगारली. पुन्हा रेडकाचा आवाज काढला, तर तिनं तोंडच फिरवलं.

"अहो, अशानं ही आटेल," बायको सारजा म्हणाली. "भाकड म्हैस पोसायची ऐपत आहे का आपली? येत्या बाजाराला न्यावीच लागेल."

भाकड जनावर बाजारातून पुढं कुठं जातं, हे का तुळाजीला ठाऊक नव्हतं? हातानं दूध पाजून वाढवलेली लेकच ती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यानं दावं सोडलं आणि धुक्यातून चंद्रीला करंजाखाली नेलं. तिनं माती हुंगली. पुन्हा पुन्हा हुंगली.

"चंद्रे, गेलं गं तुझं लेकरू," तो म्हणाला. "मी खोटं बोललो तुझ्याशी."

पुढं त्याला बोलवेना. एवढा बोलघेवडा माणूस, पण मातीत बसून ढसाढसा रडला. चंद्री रेकली, ते तळ्यापलीकडे घुमत गेलं. पाण्यावरून धुकं हळूहळू सरकत होतं. किती वेळ गेला, दोघांनाही कळलं नाही.

मग तुळाजीच्या मानेला खरखरीत, ओली जीभ लागली. रेडकाला चाटावं तशी चंद्री त्याला चाटत होती. त्यानं खाली पाहिलं. सडांतून दूध ठिबकत होतं, पुरल्या जागेच्या मातीवर. दुधाची चरवी घरीच राहिली होती. तुळाजीनं ते तसंच पडू दिलं.

ऊन वर आल्यावर चंद्री आपणहून घराकडे वळली. तुळाजी तिच्या मागून चालला, मुकाट्यानं.

तात्पर्य: भुलवून पावलं वळवता येतात, मन नाही. मन वळवायचं तर आधी खरं बोलावं, आणि समोरच्याच्या दुःखापाशी घटकाभर बसावं.