जिन्याखालची तपासणी

वडनेरच्या सार्वजनिक वाचनालयात सकाळपासून नुसती धांदल उडाली होती. तळमजल्यावरच्या अडगळीच्या खोलीचा ज्येष्ठांसाठी वाचनकक्ष करायला सरकारी अनुदान मिळणार की नाही, हे आज ठरणार होतं.

तपासणीला दाभाडकर साहेब आले. वाचनालय वरच्या मजल्यावर आणि जिना बावीस पायऱ्यांचा, अगदी उभा. साहेबांनी वर पाहिलं, गुडघा चोळला आणि खालच्या बाकावरच बसकण मारली.

"वाचकांचं रजिस्टर इथंच आणा!"

ग्रंथपाल इंदुमतीबाईंनी ते पळत खाली आणलं. साहेबांनी वयाचा रकाना तपासला.

"वर्षभरात साठीपुढचा एकही वाचक नाही. मग खाली खोली कुणासाठी? प्रस्ताव नामंजूर!"

इंदुमतीबाईंनी नम्रपणे विचारलं, "साहेब, या रजिस्टरात आज तुमचं नाव आहे का?"

"माझं कसं असेल? मी वर गेलोच कुठे!"

"त्यांचंही तसंच झालंय, साहेब."

जमलेल्यांत खसखस पिकली. साहेबांचे कान लाल झाले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्यांनी तिथंच शिफारस लिहून सही ठोकली. इंदुमतीबाई तो कागद फडकवत वर धावल्या, आणि शांतता पाळण्याच्या पाटीखाली बसलेल्या वाचकांनी असा जल्लोष केला की अख्खी पेठ बाहेर आली.