सगूने न हसता मागितलेला वर

समुद्राकाठी एक गाव होतं आणि त्या गावात सगू नावाची एक इवलीशी, सावळी, रागीट मुलगी राहायची. राग तिला उगाच येत नसे. तिची आई आनंदी पहाटेपासून कारखान्यात कोळंबी सोलत बसायची. बर्फाच्या पाण्यात हात, पुढ्यात ढीग, आणि तो मेला ढीग काही संपायचा नाही. घरी आली की ती बोटांना तुरटी चोळायची आणि सगू त्या घट्टे पडलेल्या बोटांवर हळूच फुंकर घालायची.

कारखान्यात एक निळं दार होतं. दाराआड शहरातून आलेल्या बाई मासे गोठवायचं मशीन चालवायला शिकवत. शिकेल त्याला पांढरे शुभ्र गमबूट मिळत आणि बढतीही. सोलणाऱ्या बायकांना मात्र ते दार फक्त केर काढायला उघडायचं. बघा बरं! झाडू आत चालतो, झाडणारी चालत नाही!

एक दिवस कळलं, उद्या नवा वर्ग बसणार. आनंदीने मुकादमाला विचारलं, "बाबलभाऊ, माका पण शिकूक बसवा."

"असले खरबरीत हात मशीनीक लावतलंस?" बाबल मुकादम खो खो हसला. "जा, कोळंबी सोल!"

आई परत ढिगापुढे जाऊन बसली. कारखान्याच्या दारात उभ्या असलेल्या सगूने ते ऐकलं आणि ती पाय आपटत थेट सुरंगीच्या राईत गेली. तिथे पिवळसर फुलांचा नुसता घमघमाट सुटला होता. आणि एका फांदीवर अडकलेल्या फाटक्या जाळ्यात काहीतरी चमचम करत धडपडत होतं. ती एक बोटभर परी होती! तिचे मोरपिशी पंख जाळ्यात पार गुंतले होते. सगू रागाने लालबुंद झालेली, पण तिने एकेक गाठ इतक्या हलक्या हाताने सोडवली, की पंखांची रुपेरी भुकटीसुद्धा सांडली नाही.

"गुणाची गं माझी," परी म्हणाली. "दोन वर माग. पण हसून मागायचं हं."

"माझ्या आयेक मशीनवाली कर!"

"ते नाही जमायचं, बाळा. जे शिकावं लागतं, ते वर म्हणून देता येत नाही."

सगूने विचार केला. मुकादम हातांना नावं ठेवतो ना? मग तिने ओढूनताणून हसू आणलं आणि आईसाठी लोण्यासारखे मऊ हात मागितले.

सकाळी आई बघते तर काय, हात गुलाबी, गुळगुळीत! "माझे घट्टे खंय गेले गो?" ती घाबरून म्हणाली. पण सगूने सगळं सांगितलं, तेव्हा ती आशेने कारखान्यात गेली आणि मुकादमापुढे हात धरले.

"आधी टोपली सोल," मुकादम म्हणाला.

पहिल्याच कोळंबीचा काटा त्या कोवळ्या बोटात कचकन घुसला. दुसरीचाही घुसला. बर्फाचं पाणी लाल झालं.

"एवढ्या नाजूक हातांचा काय काम हयसर?" मुकादम ओरडला. "घराक जा!"

हात खरबरीत होते तेव्हा नको, मऊ झाले तेव्हाही नको! म्हणजे हातांचं नुसतं निमित्त होतं. सगूच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ती धावत राईत गेली.

"हसून माग," परी म्हणाली.

"माका हसूक येणा नाय! आयेचा रगत सांडला, आणि मी हसू?"

"पण नियम आहे, राणी."

"तुझो नियम ठेव तुझ्याकडे! माका ता दार उघडा व्हया. एकट्या आयेसाठी नको. सगळ्या बायांसाठी उघड. आणि ता परत कधी लागूक नये!"

 परीने जाळ्याच्या सोडवलेल्या गाठींकडे पाहिलं, मग सगूच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "इतकी वर्षं लोक माझ्याकडे हसत हसत स्वतःपुरतं मागत आले," ती म्हणाली. "नियमच चुकला होता गं."

तिने छडी फिरवली. तिकडे कारखान्यात बिजागऱ्या तडातड तुटल्या आणि निळं दार चौकटीतून सुटून पंख फडफडवत समुद्रावर उडून गेलं! मुकादम त्याच्या कडीला लोंबकळला आणि वाळूत धपकन आपटला.

बायका उठल्या.  बोटांना चिंध्या बांधलेली आनंदी सगळ्यांत पुढे होती. आतल्या बाईंनी बाकं सरकवून जागा केली. राईत सोनेरी उजेड भरून आला, परी त्यात विरघळली आणि सगूच्या केसांत एक सुरंगीचं फूल तेवढं राहिलं.

आनंदीला मशीन एका दिवसात आलं नाही. चुकत-माकत, पुन्हा विचारत ती शिकली, आणि पुढे नव्या बायांना शिकवू लागली. हातांवर पुन्हा घट्टे आलेच, पण आता ते पांढऱ्या हातमोज्यांत होते.

मुकादमाने त्या चौकटीला नवं दार बसवून पाहिलं. तेही उडालं. त्याला वाटतं, कधीतरी हे थांबेल. थांबेल कसं? सगूचा राग अजून गेलेला नाही.