लिंबू जिथे पडले

एकदा एक व्यापारी आपली नवी गाडी घेऊन घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आचार्यांकडे आला आणि म्हणाला, "हिला जमिनीला टेकवा."

हे आचार्य मठातले नव्हेत. तरुणपणी त्यांनी शर्यतीच्या गाड्या चालवल्या होत्या आणि उतारवयात ते दुसऱ्यांच्या गाड्यांना वळण लावीत. कुणाची गाडी दोन बोटे खाली घ्यायची, कुणाच्या चाकाने किती मोठे व्हायचे, हे विचारायला दूरदूरच्या शहरांतून माणसे येत. आचार्य हे नाव लोकांनी त्यांना अर्धे आदराने आणि अर्धे थट्टेने दिले होते. त्यांनी दोन्ही अर्धे ठेवून घेतले. मी स्वतः जन्मभर एसटीने हिंडलेला माणूस. मला गाडीतले ओ की ठो कळत नाही. तरी ही गोष्ट मनातून जात नाही, म्हणून सांगतो.

गाडी देखणी होती. पिकल्या जांभळाच्या रंगाची, बसकी, दोघांपुरती. व्यापारी तिच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला आणि टायर व वरचे मडगार्ड यांच्यामधल्या मोकळ्या जागेत त्याने आपली मूठ घातली.

"ही पोकळी बघा, आचार्य. अख्खी मूठ जाते आत. एवढी रूपवान गाडी आणि चाकावर हे भगदाड! मला झोप लागत नाही हो हिच्यापायी. स्प्रिंगा बदला, गाडी खाली घ्या आणि चाकं मोठी घाला. पोकळी दिसता कामा नये."

आचार्यांनी विचारले, "कुठे कुठे नेता हिला?"

"घरून निघतो, समुद्राकडच्या सरळ रस्त्याने जातो, परत येतो."

"आणखी कुठे?"

"आणखी कुठे नाही," व्यापारी जरा घाईनेच म्हणाला आणि गाडीवर नसलेली धूळ रुमालाने पुसू लागला.

आचार्यांपाशी एक शिष्या होती. शहरात गाड्यांच्या आकृत्या काढायला शिकून ती हाताने काम शिकण्यासाठी त्यांच्याकडे येऊन राहिली होती. तिला व्यापाऱ्याचे म्हणणे तत्काळ पटले. त्याचा चहा संपायच्या आत तिने गाडीचे चित्र काढलेसुद्धा. चित्रातली गाडी उडी मारण्याआधी दबा धरलेल्या मांजरीसारखी भुईला चिकटली होती. चाके मोठी, चकचकीत, बारीक आऱ्यांची. वर दोऱ्याएवढीही पोकळी नाही. चित्र पाहून व्यापाऱ्याचे डोळे भरून आले. लोकांचे डोळे कशाने भरून येतील, सांगता येत नाही.

"सुरेख आहे," आचार्य म्हणाले. मग ते शिष्येला म्हणाले, "बाजारातून लिंबं आण. मिरच्या आण. आणि कच्चं सूत."

त्यानंतर आचार्यांनी जे केले, ते पाहून शिष्येला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्या वयात ते गाडीखाली उताणे शिरले आणि गाडीच्या पोटाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांनी लिंबू-मिरच्या टांगल्या. प्रत्येक दोरा पट्टीने मोजून बांधला. अगदी पुढे, गाडीच्या नाकाखाली, त्यांनी देठाला पान असलेले मोठे लिंबू बांधले. बाहेर येऊन कपडे झटकत ते म्हणाले, "शेठ, आज आणि उद्या सकाळी नेहमी जाता तिथे जा. मग गाडी घेऊन या."

व्यापारी खूश झाला. दृष्ट लागण्याजोगीच गाडी होती. एका लिंबाऐवजी अनेक बांधणारा माणूस त्याला फार विचारी वाटला. तो गेल्यावर शिष्या म्हणाली, "आचार्य, गावात काय म्हणतील? स्पोर्ट्स कार आहे की भाजीची गाडी?"

आचार्य हसले आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला, तेव्हा गाडीखालचे बरेच दोरे रिकामे लोंबत होते. पुढचे पानाचे लिंबूही नव्हते. व्यापाऱ्याचा चेहरा रात्रभर न झोपलेल्या माणसाचा होता. आचार्यांनी त्याला चहा दिला आणि शिष्येला बाजूला घेऊन म्हणाले, "जा, लिंबं कुठे कुठे पडलीत ते बघून ये. हात लावू नकोस."

"कालची लिंबं आज रस्त्यावर राहिली असतील?"

"दृष्टीचं लिंबू कोण उचलणार? म्हणून तर लिंबं बांधली. नारळ बांधले असते तर गावात घरोघर सोलकढी झाली असती."

शिष्या निघाली. त्या दिवशी धुके फार होते. घाटावरून उतरलेले धुके रस्त्यावर बसले होते, आणि आपण चालतो आहोत की झोपेत आहोत, हे तिला नीट कळेना. धुक्यात पहिले पिवळे टिंब दिसले ते शाळेसमोरच्या गतिरोधकापाशी. दप्तरे पाठीला लावलेली मुले त्याला वळसा घालून जात होती. दुसरे दिसले व्यापाऱ्याच्या स्वतःच्या फाटकातल्या चढणीवर. एक म्हातारी लुगड्याचा काठ सावरत त्याच्या बाजूने गेली, पुढे जाऊन थुंकली, आणि मग तिने देवाचे नाव घेतले. एक कुत्रे हुंगायला आले, मिरचीने शिंकले आणि निघून गेले. प्रत्येक लिंबाभोवती गावाने थोडी जागा सोडली होती.

समुद्राकडच्या सरळ रस्त्यावर एकही लिंबू नव्हते. रस्ता गुळगुळीत होता. शिष्येला बरे वाटले. तिच्या चित्रातली गाडी इथे सुखाने धावली असती. ती परत फिरणार, एवढ्यात डावीकडे बागायतीत शिरणाऱ्या लहान वाटेच्या तोंडाशी तिला एक लिंबू दिसले.

व्यापारी तर म्हणाला होता, आणखी कुठे नाही.

ती वाटेने आत गेली. दोन्ही अंगांना पोफळी उभ्या होत्या. त्यांचे शेंडे धुक्यात नाहीसे झाले होते. पाटाचे पाणी कुठेतरी वाहत होते, पण दिसत नव्हते. पाटावरच्या मोरीवर एक लिंबू. जांभ्या दगडाच्या चढणीवर आणखी एक, फुटलेले, आणि त्याचा वास ओल्या हवेत भरून राहिलेला. शिष्येला वाटले, ही वाट संपूच नये. आपण अशीच लिंबे पाहत एखाद्या जुन्या दिवसात जाऊन पोचू. वाट संपली ती एका घराच्या बेड्याशी. बेडे म्हणजे बांबूचे आडवे फाटक. त्याच्यापुढे मातीत चाकांचे ठसे होते. गाडी तिथपर्यंत आली होती, थांबली होती आणि मागे वळली होती. दगडावर चिरडलेल्या मिरचीचा ताजा डाग होता. म्हणजे इथेही काहीतरी घासले होते, पण लिंबू नव्हते.

शिष्या वाकून शोधू लागली. तेवढ्यात आतून आवाज आला, "काय हरवलं का हो ताई?"

एक बाई तुळशीपाशी उभी होती. पस्तिशीची असेल. शिष्या संकोचून म्हणाली, "एक लिंबू... पान असलेलं."

बाईने तुळशीच्या कठड्यावरून लिंबू उचलून दाखवले. धुतलेले, स्वच्छ. पान तसेच होते.

"अहो, हे उचललंत तुम्ही?" शिष्या दचकलीच. "दृष्टीचं आहे ते. गाडीखालचं."

"माहीत आहे ना. दादाच्या गाडीचं आहे."

मग तिने सांगितले. सांगताना ती बेड्याच्या आतच उभी राहिली. तिने आपल्या मनाने लग्न केले, त्याला बरीच वर्षे झाली. भाऊ अक्षता टाकायला आला नाही. नंतर कधीच आला नाही. आणि गेल्या पावसाळ्यानंतर एका पहाटे बेड्याशी गाडीचा आवाज आला. इंजिन बंद झाले, थोडा वेळ काहीच नाही, मग गाडी वळून निघून गेली. त्यानंतर अशीच अधूनमधून येते.

"तुम्ही बाहेर येत नाही?"

"दाराआड उभी राहते. बाहेर आले आणि तो लाजून गेला, तर परत यायचाच नाही." तिने पदराने डोळे पुसले. "एवढं तर येतोय. एवढं कशाला घालवू?"

शिष्या लिंबासाठी हात पुढे करून म्हणाली, "मला ते आचार्यांना दाखवायचं होतं."

"हे नाही देणार हो," बाई म्हणाली. "त्याला लागलेली दृष्ट आहे ना ह्याच्यात? मग राहू दे माझ्याकडे."

शिष्या परत आली तेव्हा धुके निवळू लागले होते. व्यापारी बाकावर बसला होता, समोर चहा गार झाला होता. तिने शाळेचे सांगितले, फाटकाचे सांगितले, आणि मग ती थांबली. आचार्यांनी मान हलवली. तेव्हा तिने पोफळींच्या वाटेचेही सांगितले, आणि शेवटी तुळशीच्या कठड्याचे.

व्यापारी चहाचा पेला बाजूला सारून पुढे वाकला. मग म्हणाला, "तिने उचललं?"

"हो."

"रस्त्यावर पडलेलं? दृष्टीचं?"

"धुऊन ठेवलंय. मागितलं तर दिलं नाही."

व्यापाऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले. आचार्य त्याच्याजवळ बसले आणि हळूहळू बोलू लागले.

"शेठ, गाडी खाली घेण्यात काही वाईट नाही. मी कित्येकांच्या घेतल्या. अशी गाडी वळणावर भुईला धरून राहते, त्यासारखं सुख नाही. पण गाडी खाली घेतली की काही रस्ते बंद होतात, आणि ते बंद होताना आवाज करत नाहीत. माणसाला वाटतं, आपण फक्त रूप ठरवलं. कुठे जायचं नाही, हेही त्याने ठरवलेलं असतं. तुमची गाडी तुम्हाला हवी तेवढी खाली आली असती तर तिचं पोट जिथे टेकलं असतं, तेवढ्या उंचीवर मी लिंबं बांधली होती. ही पोकळी तुम्हाला खुपते. अहो, दगडावरून जाताना चाक वर येतं ते कुठे जातं? ह्याच पोकळीत. रस्त्याचं सगळं उंचसखल इथे येऊन विसावतं. ही जागा रिकामी नाही. आता सांगा, ह्यातल्या कुठल्या ठिकाणी जायचं नाही? तेवढं सांगितलंत की संध्याकाळपर्यंत गाडी खाली घेतो."

व्यापारी खाली मान घालून म्हणाला, "खरं सांगू आचार्य? गाडी तिथवर जातच नाही असं झालं, तर बरं, असं वाटायचं. मग पहाटे उठून जायला नको. आणि बेड्यापासून परत फिरायला नको."

"ते मला काय ठाऊक?" आचार्य म्हणाले. "मी फक्त लिंबं बांधली."

व्यापारी उठला. चाकाजवळ जाऊन त्याने पुन्हा पोकळीत मूठ घातली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि काढून घेतली. मग गाडीत बसून तो निघून गेला. शिष्येने आपले चित्र समोर धरले. सुंदरच होते ते अजूनही. पण त्यात रस्ता कुठेच काढलेला नव्हता, हे तिला आता दिसले.

काही दिवसांनी जांभळी गाडी पुन्हा अंगणात आली. गाडीच्या नाकाखाली एकच लिंबू-मिरची होती, हिरव्या लुगड्याच्या काठाच्या चिंधीने बांधलेली. गाठ बायकी होती, पक्की.

"हाक मारायची होती," व्यापारी उतरता उतरता सांगू लागला, "पण नावच फुटेना तोंडातून. एवढ्या वर्षांत 'यमू' म्हटलं नव्हतं ना. मग हॉर्न वाजवला. तर ही बाहेर आली आणि म्हणते कशी, 'हॉर्न काय वाजवतोस, परका आहेस का?' आणि बेडं उघडलं."

एवढे बोलून तो भर अंगणात रडला. आचार्यांनी त्याला रडू दिले. मग शिष्येने विचारले, "आणि गाडी?"

"यमूच्या चढणीला चढते, तेवढीच उंच राहू दे. पण चाकं मात्र जरा मोठी घाला." तो डोळे पुसत हसला. "भाच्याचा हुकूम आहे."

"जाड टायरची घालू," आचार्य म्हणाले, "भाचाही खूश आणि चढणही." शिष्या नवा कागद आणायला आत गेली.

रस्त्यात पडलेले लिंबू दिसले की आपण सगळे त्याला वळसा घालतो. खुशाल घालावा, मीही घालतो. फक्त आपल्यावरून उतरलेले लिंबू कुणी उचलून तुळशीपाशी ठेवीत असेल, तर त्या दारापर्यंत जाण्याइतके आपण भुईपासून वर असावे.