दाजीबाचा धूप

"मग आता कोणता धूप लावू, बाबा?"

केवलबाबा मठाच्या अंगणात शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. समोर हात जोडून उभा होता दाजीबा शेटे, पेठेतला कापडाचा व्यापारी आणि त्यांचा जुना शिष्य.

"लोबान झाला, गुग्गुळ झाला, कापूरही झाला. अण्णांची खोली देवघरासारखी ठेवलीय मी. तरी सारा हिवाळा खोकतायत. सकाळी उठवावं तर डोकं जड, छाती भरलेली. वैद्य म्हणतात, असंच चाललं तर पावसाळा बघायचे नाहीत."

बापावर त्याचा जीव होता, त्यात खोट नव्हती. अण्णांचं एक अंग लुळं पडल्यापासून त्यानं सेवेत काही कमी केलं नव्हतं. पेठेत लोक त्याला श्रावणबाळ म्हणत, आणि ते ऐकायला त्याला गोडही वाटे.

"खिडकी आहे खोलीला?"

"आहे. पण ती ओसरीकडे उघडते. तिथं चार माणसं येऊन बसतात, आणि अण्णांचं सगळं अंथरुणातच... वास जातो, बाबा. लोक काय म्हणतील?"

"बरं."

बाबांनी शेंगा बाजूला सारल्या, काठी उचलली आणि पेठेची वाट धरली. गुरू आपण होऊन घरी निघाले म्हटल्यावर दाजीबाला कोण अभिमान वाटला. ओसरीवरच्या मंडळींना दिसेल असा तो बाबांच्या अगदी शेजारून चालला.

बाबा थेट अण्णांच्या खोलीत शिरले आणि खाटेजवळ जमिनीवर बसले.

"दार लाव. रोज घालतोस तसा धूप घाल, आणि बस."

दाजीबानं निखाऱ्यांवर रोजच्यापेक्षा मूठभर जास्तच टाकला. गुरूपुढे हात आखडता कशाला घ्यायचा?

धूर आढ्याला लागला, मग हळूहळू खाली उतरला. दाजीबाचे डोळे चुरचुरू लागले. एरवी तो धूप घालून लगेच बाहेर पडे, दार ओढून घेई. आत बसून राहायची ही पहिलीच वेळ. पण गुरूच्या आधी उठायचं कसं?

अण्णांना ढास लागली. दाजीबानं सवयीनं त्यांच्या छातीवरून हात फिरवला.

"बाबा," अण्णा धापा टाकत म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा. तुम्हाला सोसायचं नाही हे..."

बाबा हलले नाहीत.

जरा वेळानं बाबा खोकले.

दाजीबा ताडकन उठला. खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती. अण्णांचं औषध कुटायचा बत्ता घेऊन त्यानं ती ठोकून काढली आणि दोन्ही फळ्या ढकलल्या. धूर बाहेर लोटला, त्याच्याबरोबर वासही. ओसरीवर कुणीतरी उपरणं नाकाला लावलं. दाजीबाचं तिकडे लक्षही नव्हतं.

"इकडे तोंड करा, बाबा, वारा घ्या. मला आधीच सुचायला हवं होतं. तुम्हाला काही झालं असतं तर..."

खाटेवर अण्णांनी एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक.

बाबांनी अण्णांकडे पाहिलं, मग दाजीबाकडे.

"दाजीबा," ते म्हणाले, "मी एकदाच खोकलो."