चिरमाडे सरांचा लंबक

“आणि यात चुकायचं कुठल्या सेमिस्टरला?”

सरांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून विचारलं.

हेमांगी गडबडली. कागद तिनेच आणला होता, तीन रंगांच्या पेनांनी आखलेला. ऑप्टिक्स केव्हा, कुठल्या सुट्टीत कॉम्प्युटरची भाषा, एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास कुठल्या महिन्यापासून... बीएस्सीची सहा सेमिस्टर, एक चौकट रिकामी नाही.

“चुकायचं म्हणजे? सर, मला बारावीला फिजिक्समध्ये अठ्ठ्याण्णव आहेत.”

“छान. मला त्रेपन्न होते.”

मी सावद्याचा तराजू-मापांचा व्यापारी. शाळा सातवीत सुटली. पुढचं जे काही आलं ते गिऱ्हाइकांकडून, आणि चिरमाडे सरांच्या ओट्यावर बसून. सरांनी कॉलेजात छत्तीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं.

त्या दिवशी ओट्यावर माझ्या शेजारी हेमांगीचे वडील, युवराज भंगाळे, अवघडून बसले होते. त्यांच्या मोबाइलमध्ये इंजिनिअरिंगचा अर्ज अर्धा भरलेला. मुदत त्याच संध्याकाळची.

“सर, हिला फिजिक्सचं वेड लागलंय. बीएस्सी करून काय होतं, मला ठाऊक नाही. हिच्यात ते आहे असं तुम्ही म्हणालात, तर मी आडवा येणार नाही. नाही म्हणालात, तर हीही रडणार नाही. तसा शब्द झालाय आमचा.”

सर उठले. दाराच्या चौकटीला खिळा होताच. दोऱ्याला एक लोखंडी नट बांधून त्यांनी तिथे टांगला आणि शिंप्याची टेप हेमांगीच्या हातात दिली.

“गुरुत्वाकर्षणाच्या ‘जी’ची किंमत काढ. घड्याळ मोबाइलात आहेच.”

“हे अकरावीचं आहे, सर.”

“हो ना. मग लगेच होईल.”

माझी नजर टेपवर गेली. मापांच्या धंद्यात जन्म गेला, माझ्या डोळ्यांना आधी टोक दिसतं. मी तोंड उघडणार, तोच सरांनी माझा गुडघा दाबला...

लांबी, वीस झोके, वेळ. हेमांगीने आकडेमोड केली. कपाळाला आठी पडली. मग आमच्याकडे पाठ करून तिने काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं.

“नऊ पॉइंट आठ एक!”

युवराज खूश. सरांनी कागदावर बोट ठेवलं.

“खोडलंस ते किती होतं?”

“...काही नाही, सर.”

“पोरी, छत्तीस वर्षं प्रॅक्टिकलची जर्नलं तपासली मी. एकाही पोराचा लंबक कधी चुकला नाही. उत्तर आधी लिहायचं, मग त्याला शोभतील असे झोके शोधायचे. मुलीला स्थळ शोधतात तसे.”

मला हसू आलं. माझ्याकडे एकदा एक जण आला होता. म्हणाला, जरा माझ्या बाजूने झुकणारा तराजू दाखवा. म्हटलं, आप्पा, मग तराजू कशाला? नुसता हातच पुरे की.

हेमांगी हसली नाही.

“कॉलेजात सगळेच तसं...” ती बोलता बोलता थांबली. “दहा पॉइंट दोन आलं होतं.”

“पुन्हा काढ.”

दहा पॉइंट दोन.

पुन्हा. दहा पॉइंट दोन.

“पुस्तकात काय आहे?”

“नऊ पॉइंट आठ.”

“पुस्तक लिहिणारे शहाणे की तू?”

“ते.”

“मग खोड.”

तिने पेन उचललं. युवराजने डोळ्यांनी खुणावलं, खोड ना बाई... पेन कागदावर टेकलं. आणि तिथेच थांबलं.

“नाही खोडत, सर. आलंय ते हेच आहे.”

“आणि तुझी बीएस्सी?”

“...जाऊ दे. पण हे मी खोडणार नाही.”

युवराजने कपाळावर हात मारून घेतला. सर खांबाला टेकून बसले.

हेमांगी मात्र परत लंबकाकडे वळली. दोरा ओढून पाहिला. खिळा हलवून पाहिला. मोबाइलचं घड्याळ माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. शेवटी टेप हातात घेतली... आणि अशी किंचाळली की समोरच्या घरातल्या काकू दारात आल्या.

“सर! ही पाचापासून सुरू होते! आधीचे पाच सेंटिमीटर कोणीतरी कापलेत!”

“कोणीतरी,” सर म्हणाले.

“तुम्ही! बाबा, सरांनी मला फसवलं! बघा ना, सरांनी फसवलं मला!”

ती नाचायचीच बाकी होती. फसल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी धंद्यात कधी पाहिलं नाही.

लांबीतून पाच वजा करून ती पुन्हा मांडायला बसली. युवराजने हळूच मोबाइल काढला.

“सर, मग हा अर्ज...?”

सरांनी हात पुढे केला, मोबाइल घेतला आणि ओट्यावर पालथा ठेवला.

“किती आलं?”

“नऊ पॉइंट सात.” हेमांगी कागदाकडे बघत राहिली. “एक दशांश अजून कमी पडतोय, सर. का, ते कळत नाही.”

“जपून ने तो दशांश,” सर म्हणाले. “बीएस्सीची तीन वर्षं पुरेल.”