अबोली परी आणि बुंदीचे कान

डोंगराच्या पायथ्याशी निळ्या दाराचं एक इवलंसं घर होतं. त्या घरात तानी, तानीची आई आणि बुंदी अशा तिघी राहायच्या. बुंदी म्हणजे तानीची कुत्री. पांढरं शुभ्र अंग, त्यावर पिवळे पिवळे ठिपके, आणि दोन्ही बाजूंना पानांसारखे लोंबणारे मऊ मऊ कान.

तानीला बाबा नव्हते. आई फुलांचे गजरे आणि वेण्या करून देवळापाशी विकायची. फुलं यायची घरच्याच अंगणातून. अंगण तरी केवढं? फुटके माठ, तेलाचे रिकामे डबे आणि कान तुटलेली एक बादली, एवढंच. पण त्यात मोगरा होता, शेवंती होती, जास्वंद होती आणि कोपऱ्यात एक लाजाळू अबोलीही होती.

त्या वर्षी ऊन फार कडक पडलं. विहीर तळाला गेली. मोगऱ्याच्या कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळू लागल्या. जास्वंदीवर माव्याची कीड पडली. आईची टोपली अर्धीच भरायची. मग रात्री एक भाकरी तिघींत व्हायची, आणि तानी आपल्या वाट्यातला मोठा तुकडा हळूच बुंदीपुढे सरकवायची.

एके दिवशी दुपारी घरात तांब्याभर पाणी उरलं होतं. तानीला तहान लागली होती. तिनं तांब्या उचलला, तोच तिला बुंदीची लोंबणारी जीभ दिसली. तिनं अर्धं पाणी बुंदीच्या वाडग्यात ओतलं. मग मान टाकलेली अबोली दिसली. उरलेलं अर्धं पाणी तिनं अबोलीच्या मुळाशी ओतलं आणि रिकामा तांब्या पालथा घातला.

अबोलीचं एक फूल थरथरलं. त्यातून केशरी उजेडाचा एक थेंब वर आला. थेंबाला पंख फुटले, पंखांखाली पाय दिसले, आणि तानीच्या करंगळीएवढी एक परी पाकळीवर बसून तिच्याकडे बघू लागली. तिचा झगा अबोलीच्या रंगाचा, केस सोन्याच्या जरीसारखे.

"घाबरू नकोस हं," परी म्हणाली. "मी अबोली परी. ज्यांना बोलता येत नाही, त्यांची मी मैत्रीण. तू आज दोन मुक्या जिवांना पाणी दिलंस. माग, तुला काय हवं?"

तानीनं एकदा आईच्या रिकाम्या टोपलीकडे पाहिलं. "फुलं," ती म्हणाली. "पुष्कळ फुलं!"

"देईन. पण एक नियम आहे. रोज सकाळी, पहिलं फूल खुडायच्या आधी, बुंदीला जवळ घ्यायचं. कान उचलून आत बघायचं. अंगावरून कंगवा फिरवायचा. पंजे, दात, डोळे बघायचे. वाडग्यात ताजं पाणी भरायचं. मग फुलांकडे जायचं."

"एवढंच?" तानी हसली. "ते तर मी आनंदानं करीन! पण चुकून राहिलं तर?"

परी हसली नाही. "तर मला काहीच करावं लागत नाही, तानी. जे व्हायचं ते आपोआपच होतं," ती हळूच म्हणाली, आणि फुलात विरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण ओळखू येईना! मोगरा पांढराशुभ्र झाला होता. शेवंतीच्या डब्यांवर पिवळे पिवळे चेंडू डोलत होते. जास्वंदीची लाल फुलं वाऱ्यावर झुलत होती. आईनं तोंडावर हातच ठेवला.

तानीनं नियम पाळला. बुंदीचे कान उचलले, कंगवा फिरवला, पंज्यात रुतलेला एक काटा काढला, पाणी भरलं. बुंदीनं तिचा गाल चाटला. असे कितीतरी दिवस गेले. छान दिवस होते ते. तानीला ते नंतर फार आठवायचे.

फुलं वाढत गेली. फुलं वाढली तसं काम वाढलं. एका सकाळी आई म्हणाली, "ताने, आज लवकर खुड गं, बाजार आहे." तानी बुंदीला म्हणाली, "आजचं उद्या करू हं!" उद्या आला, तेव्हा शेवंती गळायला लागली होती. परवा पाहुणे आले. कंगवा खिडकीतच राहिला. वाडग्यातलं पाणी कालचं, मग परवाचं झालं.

बुंदी डोकं झटकायला लागली. फट् फट् फट्. मागच्या पायानं कान खाजवायची, अंगणातल्या दगडावर डोकं घासायची. मग येऊन तानीच्या हाताखाली आपलं डोकं घालायची.

पण गावातल्या लग्नाच्या वेण्या करायच्या होत्या. तानीच्या मांडीवर फुलांचा ढीग होता.

"जा गं तिकडे! फुलं सांडतील ना!" असं म्हणून तानीनं तिचं डोकं बाजूला ढकललं. बुंदी गेली आणि दारापाशी बसली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तानीनं पुन्हा ढकललं. तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही, आणि तानीला वाटलं, चला, शहाणी झाली.

लग्नाच्या आदल्या सकाळी बुंदी उठली नाही. तानीनं भाकरी दाखवली. बुंदीनं नुसतं शेपटीचं टोक हलवलं.

तानीनं खाली बसून तिचा कान उचलला. कान आतून लालबुंद झाला होता. घाण वास येत होता. ज्वारीच्या दाण्यांएवढ्या फुगलेल्या गोचिडी ओळीनं चिकटल्या होत्या. दुसरा कानही तसाच. अंग तव्यासारखं तापलं होतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या.

तानी धावत अबोलीपाशी गेली. "परी! अगं परी, ये ना!"

परी आली. तिचा उजेड मंद झाला होता.

"माझ्या बुंदीला बरं कर! आत्ताच्या आत्ता!"

"जे माणसाच्या हातांनी होतं, ते मला करता येत नाही, बाळा. बुंदी बरी व्हायची असेल तर हातांनीच होईल."

"मग मागचे दिवस परत आण. मी रोज बघीन!"

"गेलेले दिवस कुठल्याच परीकडे नसतात." परीचे डोळे भरून आले. "तू अजून एक गोष्ट मागू शकतेस. पण दुसरं मागितलंस की पहिलं विरघळतं. ही सगळी फुलं जातील."

तानीनं अंगणाकडे पाहिलं. उद्याचं लग्न, आईची भरलेली टोपली, आईचं हसू. ती क्षणभर गप्प राहिली. एकच क्षण. पण आपण तो एक क्षण तरी का थांबलो, हे पुढे तिला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

"फुलं जाऊ देत," ती म्हणाली. "बुंदीला कुठं कुठं दुखतंय, ते मला तिच्या तोंडून ऐकू दे."

अबोलीचं एक फूल देठावरून सुटलं आणि गिरक्या घेत खाली येऊ लागलं. ते जमिनीला टेकेपर्यंत बुंदी बोलली. तिचा आवाज लहान मुलीसारखा होता.

"कानात चावतं गं, तानी. आत सारखं घूं घूं होतं. तुझी हाकसुद्धा लांबून आल्यासारखी वाटते. पायांत उभं राहायचं बळ नाही. मी तुला सांगायला येत होते. तू ढकललंस, तेव्हा मला वाटलं, माझ्या डोक्याला वास येतो, म्हणून तुला आवडत नसेल. मग मी दारापाशीच बसले. तुझी फुलं नको सांडायला."

फूल जमिनीला टेकलं. अंगणातला रंग सरसर उतरला. मोगरा, शेवंती, जास्वंद, सगळं एका क्षणात कोमेजलं. तानीनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. ती बुंदीच्या मानेत तोंड खुपसून रडत होती.

आई बाहेर आली. तिनं वाळलेलं अंगण पाहिलं आणि बुंदीला पाहिलं. तानीनं हुंदके देत सगळं सांगितलं. आई रागावली नाही. तिनं फुलांची टोपली रिकामी केली, तळाला जुनं लुगडं अंथरलं आणि बुंदीला अलगद त्यात ठेवलं.

"मीही रोज तिच्यावरूनच जात-येत होते गं," आई म्हणाली. "मीही खाली वाकले नाही. चल."

वाटेत लग्नघरी थांबून आईनं हात जोडून माफी मागितली. मग त्या जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिमट्यानं एकेक गोचीड काढली, सुई दिली, कान पुसले.

"हे थेंब सकाळ-संध्याकाळ कानात घालायचे. मनानं तेलबिल काही ओतायचं नाही. तिचं अंथरूण उन्हात तापवायचं आणि भिंतीच्या फटी लिंपायच्या, गोचिडी तिथं लपतात." मग त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस आधी आणली असतीत तर..." त्यांनी थेंबांची बाटली तानीच्या हातात ठेवली.

तानीनं सगळं केलं. थेंब घातले, पेज भरवली, पाणी दिवसातून चारदा बदललं. भिंतीच्या फटी शेणामातीनं लिंपल्या. फुलांच्या कुंड्याही ती विसरली नाही. सुकलेल्या फांद्या छाटल्या, तांदूळ धुतलेलं पाणी मुळांना घातलं. पण आधी बुंदी, मग कुंड्या.

आठव्या दिवशी बुंदी उभी राहिली. पंधराव्या दिवशी तिनं शेपटी हलवत अख्खी भाकरी खाल्ली. तानीनं आनंदानं टाळी वाजवली आणि हाक मारली, "बुंदी!"

बुंदी वाडगा चाटत राहिली.

"बुंदी! बुंदे!"

तिनं मान वळवली नाही. तानी तिच्या मागे उभी राहून पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली. शेवटी आईनं येऊन तानीला पोटाशी धरलं.

संध्याकाळी अंगण सोनेरी झालं असताना परी आपणहून आली. तानी पायरीवर बसली होती.

"तू मला बोलावलं नाहीस, तानी."

"तिचं ऐकू येणं परत देता येईल?"

"नाही गं."

"मग मला काही नको. चूक माझी होती."

"हो, होती," परी म्हणाली. तिनं ते लपवलं नाही. "पण ती चूक तू दुसऱ्या कुणावर ढकलली नाहीस, आणि इतके दिवस मला न बोलावता तुझे हात राबले. मागणाऱ्यांसाठी माझ्याकडे नियम आहेत. न मागणाऱ्यांना मी बिननियमाचं देऊ शकते. हात पुढे कर."

तानीनं दोन्ही हात पुढे केले. परी तिच्या दहाही बोटांवरून नाचत गेली. जिथं जिथं पाऊल पडलं, तिथं तिथं केशरी ठिणगी चमकली आणि कातडीत मुरली.

"आता तुझी बोटं ज्या मुक्या जिवावरून फिरतील, त्याला कुठं दुखतंय ते बोटांना कळेल. बाकीचं तू करायचंस."

"तू पुन्हा येशील?"

"आता तुला माझी गरज नाही," परी म्हणाली. तिनं तानीच्या कपाळाला आपला इवलासा हात लावला. मग ती वर उठली, वाटाण्याएवढी, मग मोहरीएवढी झाली. सगळं अंगण एकदा अबोलीच्या रंगानं उजळलं, भिंती उजळल्या, निळं दार उजळलं, आणि तो उजेड हळूहळू विझून गेला.

त्या दिवसापासून वाडीतली मुलं आपापली कुत्री, मांजरं, वासरं घेऊन तानीच्या पायरीशी येऊ लागली. ती बोटं फिरवायची आणि सांगायची, "हिच्या दातात काहीतरी अडकलंय बघ," नाहीतर, "याला आजच दवाखान्यात ने. उद्यावर टाकू नकोस." हे शेवटचं सांगताना तिचा आवाज जरा कापायचा. मुलं येताना कुणी रोप आणायची, कुणी बी, कुणी घागरभर पाणी. अंगण पुन्हा हिरवं झालं. मोगऱ्याला पहिली कळी आली, तेव्हा तानी धावत सुटली.

"बुंदी, बघ, कळी!" ती ओरडली.

बुंदी उन्हात तिच्याकडे पाठ करून पडली होती. तानी थबकली. मग ती अंगण ओलांडून तिच्यासमोर जाऊन बसली. आधी तिनं तिचे दोन्ही कान उचलून पाहिले. स्वच्छ होते. मग तिचं तोंड आपल्या ओंजळीत धरून तिनं मोगऱ्याकडे वळवलं.

बुंदीची शेपटी हलली. तानीनं तिला पुन्हा कधी लांबून हाक मारली नाही. दर वेळी ती उठून जवळ गेली.