बाबलकाकांचा कान

“...मग अठरा मीटरचं सर्टिफिकेट काय फ्रेम करायला दिलंय त्यांना?”

बाबलकाका होडीच्या काठावर बसून मास्क धूत होते. मालवणच्या या पाण्यात पन्नास वर्षं बुड्या मारलेला माणूस. यतीनच्या प्रश्नावर त्यांनी मास्क पुन्हा पाण्यात बुडवला.

यतीनच्या डोक्यात सणक गेली. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून तो इथे आला, तो काय म्हाताऱ्यांची गप्प बसण्याची कला बघायला? दोन वर्षं काकांच्या हाताखाली डायव्हिंग शिकला. कावळखडप त्याने स्वतः शोधलं होतं: पाण्याखाली अठरा मीटर सरळ तुटलेला खडकाचा कडा आणि त्याला चिकटलेली पंख्यांसारखी जांभळी पोवळी. नाशिकच्या देवरे कुटुंबाला त्याने तेच दाखवायचा शब्द दिला होता. पहिल्यांदाच कोणी त्याच्या शब्दावर आलं होतं.

“चिमणखडपार जावया,” काका म्हणाले.

“पाच मीटर? वाळू आणि चार दगड आहेत तिथे.”

“चार नाय. सात.”

एवढ्यात देवरे आले. सोबत बायको आणि सोळा वर्षांची मुलगी ईरा. तिघं गेल्याच आठवड्यात डायव्हिंगची परीक्षा पास झालेले. देवऱ्यांच्या मनगटावर ताटलीएवढं डायव्हिंगचं घड्याळ. बोलणं थांबत नव्हतं. बोलता बोलता त्यांनी कमरेचा वजनांचा पट्टा लावला, काढला, पुन्हा लावला.

काका पट्ट्याकडे बघत होते.

“साहेब,” ते म्हणाले, “माफ करा. आज माझा कान दुखतोय. खोल जायला जमणार नाही.”

यतीन बघतच राहिला. कान दुखत असेल तर माणसाने पाण्यात उतरूच नये. पाच मीटरही नाही. हे काकांनीच त्याला शिकवलं होतं.

देवरे हसले. “काका, मग आता रिटायर व्हा की.”

“व्हायला हवं,” काका म्हणाले.

यतीनला लाज वाटली. काकांच्या खोटेपणाची, आणि त्यांनी देवऱ्यांचं ऐकून घेतल्याचीही. म्हातारे घाबरले की भीतीला अनुभव म्हणतात. संध्याकाळी बॅग भरायची, त्याने ठरवलं.

चिमणखडपावर उतरले. ईरा आणि तिची आई दगडांभोवती निवांत तरंगू लागल्या. एका कपारीत ऑक्टोपस रंग बदलत बसला होता. यतीन त्यांना तो दाखवून मागे वळला, तर...

देवरे गुडघे टेकून वाळूत बसले होते. डोळे मोठे झालेले. नळीतून बुडबुड्यांचा लोंढा. दोन्ही हातांनी त्यांनी काकांचं मनगट धरलं होतं.

काका त्यांच्यासमोर वाळूत मांडी घालून बसले. काही केलं नाही. फक्त संथ श्वास सोडत राहिले, अंगणात बसल्यासारखे...

पंचवीस मिनिटांनी सगळे वर आले. यतीनने हवेचे काटे बघितले. उतरताना सगळ्यांचे दोनशेवर होते; आता मायलेकींचे एकशेचाळीसवर. देवऱ्यांचा पन्नासवर.

त्याने मनात हिशोब केला. कड्यावर, अठरा मीटरला, दाबामुळे हवा जवळपास दुप्पट लागते; हीच हवा तेरा-चौदा मिनिटांत संपायला आली असती. तिथे गुडघे टेकायला वाळू नव्हती.

होडीत बायकोने देवऱ्यांच्या कमरेचा पट्टा सोडवून दिला.

“काकांच्या कानामुळे खोल जायचं राहिलं,” शेवटी देवरे म्हणाले. आवाज बारीक होता.

“होय,” काका म्हणाले. “माझ्यामुळेच.”

“बाबा, उद्या येऊया ना परत?” ईराने विचारलं.

देवऱ्यांनी पाण्याकडे बघितलं.

“येऊ की,” ते म्हणाले. “इथेच. काकांच्या कानाला तेच बरं.”

काकांनी मान डोलावली.

देवरे गेल्यावर यतीन सिलिंडर उतरवत राहिला. मग थांबला. दोन वर्षांपूर्वी तो इथे आला होता, छाती काढून, मला सगळं येतं म्हणत. तेव्हाही काकांचा कान दुखत होता. महिनाभर. म्हाताऱ्याचं शरीर साथ देत नाही म्हणून आपल्याला उथळात सडावं लागलं, हे त्याने अख्ख्या किनाऱ्याला सांगितलं होतं.

“काका...”

“काय रे?”

“मी आलो तेव्हा कुठला कान दुखत होता?”

बाबलकाकांनी मास्क उलटा केला, पाणी झटकलं.

“तुज्या टायमाक? दोनय.”